वाचकांचे प्रश्न : दीर्घकालीन शुश्रूषा प्रशासनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र

अमेरिकेतील वृद्धसेवेच्या क्षेत्रात व्यवस्थापनाकडे वळू इच्छिणाऱ्या वाचकांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच अभ्यासक्रमाकडे आहे : पदवीनंतर वर्ष-दीड वर्षात, नोकरी सांभाळून आणि बहुधा ऑनलाइन पूर्ण करता येणारे, साधारण १२ ते १८ क्रेडिटचे दीर्घकालीन शुश्रूषा प्रशासनाचे प्रमाणपत्र. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. या उत्तरांत ‘नर्सिंग होम’ हा शब्द अमेरिकन अर्थाने आला आहे, म्हणजे ज्यांना रात्रंदिवस परिचारिकांच्या देखरेखीची गरज असते अशा माणसांचे निवासस्थान. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची फिजिओथेरपीची पदवीधर असून येथे परवाना मिळवून एका नर्सिंग होमच्या थेरपी विभागाची जबाबदारी सांभाळते. आता प्रशासनाकडे जावे असे मनात आहे. एका विद्यापीठाचे ऑनलाइन प्रमाणपत्र मला परवडण्याजोगे आहे. ते पूर्ण केल्यावर मला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करता येईल का? — एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : केवळ त्या प्रमाणपत्रावर करता येणार नाही. प्रमाणपत्र विद्यापीठ देते आणि परवाना राज्य देते; हा फरक नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही शुल्क भरू नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) या योजना १९६५ मध्ये कायद्याने अस्तित्वात आल्यावर सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर नर्सिंग होमकडे जाऊ लागला आणि तिथल्या माणसांचे आयुष्य नेमके कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न ऐरणीवर आला. १९६७ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक राज्याला १ जुलै १९७० पर्यंत नर्सिंग होमच्या प्रशासकांसाठी परवान्याची पद्धत उभी करणे भाग पाडले. एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मुख्य अधिकाऱ्याला असा व्यक्तिगत परवाना घ्यावा लागत नाही, परंतु साठ खाटांच्या नर्सिंग होमच्या ॲडमिनिस्ट्रेटरला तो घ्यावाच लागतो. माझ्या मते हे योग्यच आहे, कारण रुग्णालयातून माणूस चार दिवसांनी घरी जातो आणि येथे तो राहायला येतो.

परवान्यासाठी सर्वसाधारणपणे शिक्षण, प्रत्यक्ष उमेदवारी आणि परीक्षा अशा तिन्ही गोष्टी लागतात. उमेदवारीला सगळे ‘एआयटी’ म्हणतात, म्हणजे परवानाधारक प्रशासकाच्या हाताखाली केलेले प्रशिक्षण. बऱ्याच राज्यांत त्याचे सुमारे १,००० तास भरावे लागतात, तर काही ठिकाणी त्याहून कमी किंवा पुष्कळ अधिक. परीक्षा ‘नॅब’ या राष्ट्रीय मंडळाची असते आणि तिचे दोन भाग असतात : एक सर्वांना सामाईक आणि दुसरा नर्सिंग होमपुरता. याखेरीज अनेक राज्ये स्वतःच्या कायद्यांवर वेगळी परीक्षा घेतात. तुम्ही पाहिलेले प्रमाणपत्र यांपैकी फक्त शिक्षणाचा भाग पुरा करू शकते, आणि तोही तुमच्या राज्याने ते मान्य केले असेल तरच.

राज्याराज्यांतला फरक किती असतो याची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणे देते. पेनसिल्व्हेनियात राज्याच्या मंडळाने मान्यता दिलेला १२० तासांचा अभ्यासक्रम विचारात घेतला जातो. टेक्सासमध्ये पदवीबरोबर दीर्घकालीन शुश्रूषा प्रशासनाचे १५ सेमिस्टर-तास, म्हणजे १५ क्रेडिट, मागितले जातात, त्यामुळे तिथे पदव्युत्तर प्रमाणपत्र नेमके उपयोगी पडते. तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया लागतो. पुढे नोकरी कोणत्या काठावर करायची आहे हे आधी ठरवा. मग त्या राज्याच्या मंडळाकडून सध्याची अट लेखी मिळवा, ती अट विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला पाठवा आणि ‘तुमच्या अभ्यासक्रमाने ही अट पूर्ण होते का’ याचे उत्तरही लेखीच घ्या. ‘आमचे विद्यार्थी देशभर काम करतात’ एवढेच उत्तर आले, तर त्याला उत्तर समजू नका.

तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. नर्सिंग होममधील विभागप्रमुखपदाचा अनुभव लक्षात घेऊन अनेक राज्ये उमेदवारीचे तास कमी करतात. त्यासाठी पगाराच्या पावत्या पुरत नाहीत. आपण किती माणसांवर देखरेख केली, वेळापत्रके आणि अंदाजपत्रक कोणी बनवले, याचे वरिष्ठांच्या सहीचे पत्र लागते. ते वरिष्ठ नोकरी सोडून जाण्यापूर्वी पत्र घेऊन ठेवा. या व्यवसायात प्रशासक वारंवार बदलतात.

प्रश्न : मी पुण्यातून बी.कॉम. आणि एम.बी.ए. केले असून अनेक वर्षे वित्त क्षेत्रात काम करतो. वैद्यकीय पार्श्वभूमी अजिबात नाही. या प्रमाणपत्रात नेमके काय शिकवतात आणि माझ्यासारख्याला ते झेपेल का? तीन वर्षांची बी.कॉम. येथे चालते का? — एक वाचक, डॅलस, टेक्सास

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. भारतीय पदव्यांचे मूल्यमापन करून देणाऱ्या संस्थेचा अहवाल विद्यापीठालाही लागतो आणि पुढे राज्यालाही लागतो. तीन वर्षांच्या पदवीकडे सगळे एकाच नजरेने पाहत नाहीत. तथापि तिच्यावर दोन वर्षांची एम.बी.ए. असल्याने तुमची अडचण बहुधा होणार नाही. अहवाल मागवताना विषयवार मूल्यमापन मागवा, कारण तुमच्या एम.बी.ए.तले वित्त आणि मनुष्यबळाचे विषय काही ठिकाणी मोजले जाऊ शकतात.

आता अभ्यासाविषयी. विषयांची नावे विद्यापीठागणिक बदलतात, परंतु गाभा तोच असतो : वार्धक्यशास्त्राची ओळख, नियम आणि कायदा, वित्त व देयकपद्धती, मनुष्यबळ, गुणवत्ता, नेतृत्व आणि शेवटी प्रत्यक्ष कामाचा एखादा भाग. तुम्हाला वित्त सोपे जाईल असे वाटत असेल, तर तिथेच थोडे थांबा. नर्सिंग होमचा हिशेब इतर कोणत्याही व्यवसायाहून निराळा असतो, कारण एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांचे पैसे दोन वेगळ्या वाटांनी येतात. रुग्णालयात सलग किमान तीन दिवस दाखल राहून नंतर आलेल्या माणसासाठी मूळ मेडिकेअर एका आजारपणाच्या कालावधीत जास्तीत जास्त १०० दिवसांचा खर्च उचलते. पहिले २० दिवस पूर्ण आणि २१ व्या दिवसापासून रोजचा ठरावीक भाग रहिवाशावर. तोही सलग कुशल शुश्रूषेची गरज असेपर्यंतच. जो माणूस वर्षानुवर्षे तिथेच राहणार आहे त्याचा खर्च मेडिकेअर देत नाही. तो आधी स्वतःची बचत संपवतो आणि नंतर मेडिकेडवर जातो. म्हणूनच नर्सिंग होममधील बहुसंख्य रहिवासी मेडिकेडवर असतात. मेडिकेडचा दर राज्य ठरवते आणि तो अनेकदा खर्चाला पुरत नाही. कोणत्या योजनेचे किती रहिवासी आहेत यालाच ‘पेअर मिक्स’ म्हणतात, आणि प्रशासकाची सकाळ ‘सेन्सस’ म्हणजे आज किती खाटा भरलेल्या आहेत हे विचारून सुरू होते.

त्यावर पुन्हा १ ऑक्टोबर २०१९ पासून मेडिकेअरची देयकपद्धत बदलली. पूर्वी थेरपीची जितकी मिनिटे जास्त, तितका दर वाढत असे. नव्या ‘पीडीपीएम’ पद्धतीत रहिवाशाची प्रकृती, निदान आणि गरजा यांवरून दर ठरतो. त्या गरजा नोंदल्या जातात ‘एमडीएस’ नावाच्या मूल्यमापन तक्त्यात, आणि तो भरण्याचे काम परिचारिकेकडे असते. म्हणजे वित्ताचा मुख्य आकडा लेखा विभागात जन्मत नाही. तो रहिवाशाच्या खाटेशेजारी, त्याला किती गिळता येते, कितपत चालता येते, काय आठवते, हे पाहणाऱ्या परिचारिकेच्या लेखणीतून येतो. वित्तातून येणाऱ्यांनी हे एक सूत्र पक्के धरले तर बाकीचा अभ्यास आपोआप उलगडत जातो. हा तक्ता भरताना गरज फुगवली तर तो सरकारची फसवणूक ठरतो, आणि गरज सुटून गेली तर त्या माणसाला मिळायला हवी ती सेवा मिळत नाही.

नियमांचा विषय सर्वांत जड वाटतो आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचाही वाटतो. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंग होमच्या दर्जाविषयी जो अहवाल दिला, त्याच्या आधाराने १९८७ चा सुधारणा कायदा झाला. तोवर इमारत, उपकरणे, कागदपत्रे यांच्यावर भर होता. त्या कायद्याने रहिवाशाचे हक्क आणि त्याच्या जगण्याची प्रत केंद्रस्थानी आणली. माणसाला शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवता येणार नाही, औषधाने गुंगवून ठेवता येणार नाही, हे त्यातूनच आले. परिचारिका-साहाय्यकांसाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, दाखल झाल्यापासून १४ दिवसांत सर्वांगीण मूल्यमापन, त्यानंतर ७ दिवसांत सविस्तर शुश्रूषा-योजना, आणि अलीकडच्या नियमांप्रमाणे पहिल्या ४८ तासांत प्राथमिक योजना, असे सगळे कालबद्ध आहे. नियम किती बारकाईत जातात पाहा : रात्रीचे भरपेट जेवण आणि सकाळची न्याहारी यांच्यात सर्वसाधारणपणे १४ तासांपेक्षा जास्त अंतर नसावे, खोलीचे तापमान ७१ ते ८१ अंश फॅरनहाइट असावे. परीक्षेसाठी हे आकडे पाठ होतात. परंतु संध्याकाळी पाचला जेवून सकाळी आठपर्यंत उपाशी राहिलेल्या मधुमेही आजोबांचा विचार केला, की तो आकडा का आहे हे कळते.

हे सारे पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी राज्याचे निरीक्षक पूर्वसूचना न देता येतात. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांहून अधिक काळ जाऊ नये असा नियम आहे. आढळलेल्या प्रत्येक त्रुटीला ‘एफ-टॅग’चा क्रमांक आणि ए ते एल यांपैकी एक अक्षर मिळते. अक्षर जसे पुढे जाते तशी हानी गंभीर किंवा व्यापक. जे, के आणि एल म्हणजे रहिवाशाच्या जिवाला तात्काळ धोका. अहवाल हाती आल्यापासून १० दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचारीबळ आणि गुणवत्तेचे निकष एकत्र करून २००८ पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे दिले जातात आणि ते कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात.

तेव्हा झेपेल का, याचे उत्तर असे : वैद्यकीय ज्ञान नसणे हा अडथळा नाही, कारण औषधोपचाराचा निर्णय प्रशासक घेत नाही. परंतु संचालक परिचारिका, म्हणजे संस्थेतील परिचारिकांची प्रमुख, जेव्हा सांगते की अमुक मजल्यावर सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा (बेडसोअर) वाढताहेत, तेव्हा कोणते चार प्रश्न विचारायचे हे तुम्हाला कळलेच पाहिजे. प्रमाणपत्राच्या काळात शनिवार-रविवारी नर्सिंग होममध्ये स्वयंसेवक म्हणून जा. त्या दिवशी कर्मचारी कमी असतात आणि संस्थेचे खरे रूप दिसते.

प्रश्न : मी एच-४ व्हिसावर आहे. हे प्रमाणपत्र करता येईल का? माझ्या भारतातील बहिणीला यासाठी विद्यार्थी व्हिसा मिळेल का? — एक वाचिका, कॅलिफोर्निया

उत्तर : एच-४ म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा आश्रित व्हिसा; त्यावर शिक्षण घेण्यास मनाई नाही. प्रश्न उमेदवारीचा आहे. एआयटी हे बहुधा पगारी काम असते आणि त्यासाठी काम करण्याची परवानगी लागते. २६ मे २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार ती एच-४ धारकांपैकी काहींनाच मिळते, मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे त्यांना. ‘बिनपगारी करते’ असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याबाबत इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. परवानगी नजीकच्या काळात दिसत नसेल तर शिक्षणाची घाई न करणे बरे, कारण अभ्यास ताजा असताना उमेदवारी आणि परीक्षा द्यावी हेच हिताचे असते. एच-४ वर सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. बहिणीसाठी पूर्णपणे ऑनलाइन असलेल्या प्रमाणपत्रावर विद्यार्थी व्हिसाचा विचारच करू नये. एफ-१ विद्यार्थ्याच्या पूर्णवेळ अभ्यासात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय मोजला जातो.

प्रश्न : नर्सिंग होमऐवजी असिस्टेड लिव्हिंगमध्ये काम करायचे असेल तर इतक्या शिक्षणाची गरज आहे का? — एक वाचक, मिनियापोलिस, मिनेसोटा

उत्तर : असिस्टेड लिव्हिंग म्हणजे ज्यांना रोजच्या कामांत मदत लागते, पण रात्रंदिवस परिचारिकांची देखरेख लागत नाही अशांचे निवासस्थान. त्यावर नर्सिंग होमसारखे केंद्र सरकारचे एकसंध नियम नाहीत, ते क्षेत्र राज्यांच्या हाती आहे. त्यामुळे अटी कुठे हलक्या तर कुठे भारी आहेत. कॅलिफोर्नियात वृद्धांच्या निवासी सेवागृहाच्या प्रशासकासाठी ८० तासांचा प्रारंभिक अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. तुमच्या मिनेसोटाने मात्र १ ऑगस्ट २०२१ पासून असिस्टेड लिव्हिंगसाठी परवान्याची स्वतंत्र व्यवस्था लागू केली आणि तिथल्या संचालकालाही व्यक्तिगत परवाना घ्यावा लागतो. तेव्हा ‘सोपी वाट’ म्हणून तिकडे पाहू नका.

पूर्वी जे रहिवासी नर्सिंग होममध्ये गेले असते त्यांपैकी कितीतरी आज असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहतात. स्मृतिभ्रंश झालेले, अनेक औषधे चालू असलेले, रात्री उठून बाहेर जाऊ पाहणारे. त्यामुळे पदव्युत्तर प्रमाणपत्रातील स्मृतिभ्रंश, कर्मचारीबळ आणि जोखीम व्यवस्थापन हे विषय तिथेही तितकेच लागतात, परवान्याची अट असो वा नसो. दोन्ही क्षेत्रांची दारे उघडी ठेवायची असतील तर नॅबच्या ‘एचएसई’ पात्रतेची चौकशी करा. नर्सिंग होम, असिस्टेड लिव्हिंग आणि घरपोच सेवा या तिन्हींना मिळून ती आखलेली आहे, आणि ती मान्य करणाऱ्या राज्यांत परवाना हलवणे पुष्कळ सोपे होते.

प्रश्न : मी परिचारिका असून वयाची पन्नाशी ओलांडली आहे. प्रमाणपत्र पूर्ण होत आले आहे, परंतु उमेदवारीसाठी जागा मिळत नाही. एका संस्थेने होकार दिला आहे. तिथला प्रशासक तीन ठिकाणे सांभाळतो. घ्यावी का? — एक वाचिका, कोलंबस, ओहायो

उत्तर : तुमच्या पत्रातील दुसऱ्या अर्ध्या भागाने मला काळजी वाटली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे यापेक्षा उमेदवारी कोणाच्या हाताखाली झाली, याला माझ्या लेखी अधिक मोल आहे. ज्या प्रशासकाच्या हाताखाली शिकायचे त्याला ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. बहुतेक राज्यांत त्यालाही राज्याच्या अटी पूर्ण कराव्या लागतात, त्यामुळे तो तीन ठिकाणी विभागलेला असताना चालतो का, हे प्रथम मंडळाला विचारा. ते म्हणाले चालतो, तरीही माझा सल्ला नकाराकडे झुकलेला राहील. तुम्हाला शिकवायला माणूस हजर असावा लागतो. निरीक्षक दारात उभे असतात त्या सकाळी, एखाद्या कुटुंबाला अप्रिय बातमी सांगायची असते त्या दुपारी, रात्रपाळीच्या दोघी आल्या नाहीत असा दूरध्वनी येतो त्या रात्री.

होकार देण्यापूर्वी त्या संस्थेचे मागील तीन तपासणी अहवाल वाचा. ते सार्वजनिक असतात. त्रुटी सर्वत्र सापडतात. तीच त्रुटी पुन्हा पुन्हा येते का, ते पाहा. प्रशासक आणि संचालक परिचारिका किती काळ टिकले आहेत ते विचारा. उमेदवाराला स्वयंपाकघर, धुलाई, देखभाल विभाग, देयके, सामाजिक सेवा अशा प्रत्येक विभागात ठरावीक वेळ द्यायचा लेखी आराखडा आहे का, हेही विचारा. आराखडा नसेल तर तुम्ही परिचारिका असल्याने तुम्हाला रिकाम्या पाळ्या भरायला लावतील आणि वर्षाअखेर तुम्ही अधिक थकलेल्या परिचारिका झालेल्या असाल, प्रशासक नव्हे.

देखभाल विभागाला कमी लेखू नका, हे परिचारिकांना मुद्दाम सांगावे लागते. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर फ्लोरिडातील हॉलिवूड या शहरात एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली आणि उष्म्यामुळे १२ रहिवाशांचा मृत्यू झाला. रस्त्यापलीकडे रुग्णालय होते. त्यानंतर फ्लोरिडाने नर्सिंग होमना वातानुकूलन चालू ठेवता येईल अशा पर्यायी विजेची सक्ती केली. जनित्र इमारतीतील कोणकोणत्या विद्युत मंडलांना (सर्किटना) वीज देते, इंधन किती तास पुरेल, आणि रहिवाशांना हलवायचे तर कुठे, कोणत्या वाहनाने, त्यांची औषधे व कागदपत्रे कोण नेणार, हे प्रश्न प्रशासकाचे आहेत. उमेदवारीच्या पहिल्याच महिन्यात देखभाल प्रमुखाबरोबर जनित्राची चाचणी उभे राहून पाहा.

वयाविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे. तसा संकोच नको. ज्या बाईने स्वतः रात्रपाळ्या केल्या आहेत, तिला कर्मचाऱ्यांची अडचण समजावून सांगावी लागत नाही, आणि कर्मचारी सोडून जाणे हे या क्षेत्राचे सर्वांत जुने दुखणे आहे. मे २०२४ मध्ये केंद्राने प्रत्येक रहिवाशामागे रोज ३.४८ तास शुश्रूषेचा किमान दंडक जाहीर केला होता. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्दबातल ठरवल्या. दंडक राहिला नाही म्हणून रहिवाशाची गरज कमी झालेली नाही. माणसे टिकवून धरणारा प्रशासकच तिथे फरक पाडू शकतो.

प्रश्न : आम्ही पुण्याजवळ एक वृद्धाश्रम चालवतो. माझी मुलगी समाजकार्याची पदव्युत्तर पदवीधर आहे. तिने हे अमेरिकन प्रमाणपत्र ऑनलाइन करावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : शुल्क डॉलरमध्ये भरून करावे, असे मला वाटत नाही. त्या अभ्यासक्रमाचा निम्म्याहून अधिक भाग मेडिकेअर, मेडिकेड आणि अमेरिकन नियमावली यांनी व्यापलेला असतो आणि त्याच्या आधारे भारतात कोणताही परवाना मिळत नाही. भारतात वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकासाठी देशव्यापी व्यक्तिगत परवान्याची पद्धतच नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तो आश्रम चालवणाऱ्या माणसाची पात्रता काय असावी, याला तितके महत्त्व अद्याप मिळालेले नाही. १९४९ चा राज्याचा नर्सिंग होम नोंदणी कायदा (येथे ‘नर्सिंग होम’ भारतीय अर्थाने) रुग्णालये आणि प्रसूतिगृहे यांच्यासाठी आहे, त्याचा येथे आधार घेता येत नाही. २०११ च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती, हे पाहता ही उणीव गंभीर आहे.

मुलीने दिल्लीच्या राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानाच्या वृद्धसेवेविषयीच्या अभ्यासक्रमांची चौकशी करावी. त्याबरोबर अमेरिकेची केंद्रीय नियमावली आणि निरीक्षकांसाठीचे मार्गदर्शन इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यातील रहिवाशांचे हक्क, मूल्यमापन आणि शुश्रूषा-योजना ही प्रकरणे वाचून आपल्या आश्रमात जे बसेल ते उचलावे. प्रत्येक आजी-आजोबांची पहिल्या ४८ तासांत एक पानी योजना लिहिण्यास काही खर्च येत नाही : काय खातात, कोणती औषधे, पडण्याचा धोका किती, रात्री किती वेळा उठतात, कोणाला बोलवायचे. पडण्याच्या प्रत्येक घटनेची वेळ आणि जागा लिहून ठेवली, तर दोन-तीन महिन्यांत कोणत्या मार्गिकेत दिवा हवा आणि कोणत्या न्हाणीघरात धरायला दांडा हवा, हे स्पष्ट होते.

प्रश्न : मी या प्रमाणपत्राच्या शेवटच्या सत्रात आहे. प्रत्यक्ष कामासाठी एक प्रकल्प निवडायचा आहे. मी जिथे जाते तिथे गुजराती, तेलुगू आणि काही मराठी रहिवासी आहेत. एक आजी जवळजवळ जेवतच नाहीत. यावर प्रकल्प होऊ शकेल का, की तो फारच घरगुती वाटेल? — एक विद्यार्थिनी, शिकागो परिसर

उत्तर : अवश्य करा, आणि तो घरगुती मुळीच नाही. संस्थेने वाजवी प्रयत्न करून रहिवाशांच्या धार्मिक, सांस्कृतिक आणि वांशिक गरजा लक्षात घेऊन जेवण आखावे, असे केंद्रीय नियमात स्पष्ट म्हटले आहे. स्वतःच्या प्रकृतीविषयी आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, हाही रहिवाशाचा हक्क आहे. तेव्हा तुमचा प्रकल्प नियमपालन, पोषण आणि वित्त या तिन्ही विषयांत बसतो. वजन घटणे ही एमडीएसमध्ये नोंदली जाणारी आणि गुणवत्तेच्या मोजमापात धरली जाणारी बाब आहे.

सुरुवात आजींच्या वजनाच्या नोंदींपासून करा आणि त्यांच्या शुश्रूषा-योजनेत ‘शाकाहारी’ यापलीकडे काय लिहिले आहे ते पाहा. शाकाहारी म्हणून चीज घातलेला पास्ता रोज समोर येत असेल, तर कागदावर नियम पाळला जातो आणि ताट तसेच परत जाते. आहारतज्ज्ञाबरोबर बसून मऊ भात, मुगाचे वरण, ताक, ज्वारीची किंवा नाचणीची पेज असे गिळायला सोपे आणि त्यांच्या ओळखीचे चार-पाच पदार्थ ठरवा. मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टचे मत घेतल्याशिवाय अन्नाचा घट्टपणा बदलू नका. साबुदाण्यासारखे पदार्थ घशात अडकण्याची भीती असते. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या पथ्याशी मेळ घाला. घरून डबा आणण्यास नियमाने बंदी नाही, पण बाहेरून आलेले अन्न साठवण्याबाबत संस्थेचे धोरण असावे लागते; ते वाचा आणि कुटुंबीयांना त्यांच्या भाषेत समजावून द्या.

खर्च मांडायला विसरू नका, कारण प्रशासक तोच प्रश्न पहिल्यांदा विचारील. एका ताटामागे वाढणारा खर्च एकीकडे ठेवा, आणि परत जाणारे अन्न, वजन घटल्यामुळे द्यावी लागणारी पूरक पेये, त्यातून उद्भवणाऱ्या जखमांची शुश्रूषा दुसरीकडे ठेवा. आजींना आणि त्यांच्या कुटुंबाला शुश्रूषा-योजनेच्या पुढील बैठकीला दुभाष्यासह बोलवा. सफाई विभागातील मराठी बाईला मध्येच हाक मारून दुभाषी करू नका, वैद्यकीय बाबींसाठी प्रशिक्षित दुभाषीच हवा. रहिवासी परिषदेत हा विषय मांडायचा असेल तर आधी परिषदेची परवानगी घ्या, कारण ती सभा रहिवाशांची असते आणि कर्मचारी तिथे निमंत्रणावरूनच जातात. प्रकल्पाचा आराखडा प्रिसेप्टरकडून सत्राच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत मंजूर करून घ्या, म्हणजे किमान दोन महिन्यांची वजने तुलनेसाठी हाती येतील.